'बेंगाल'चे सेवापुस्तक

सरकारी चाकरीत शिरलेल्या माणसाच्या नावे दप्तरात एक सेवापुस्तक उघडले जाते, आणि नेमणुकीच्या तारखेपासून निवृत्तीच्या तारखेपर्यंतची त्याची सारी हयात बदल्या, रजा, बढत्या आणि क्वचित एखादी शाबासकी अशा रुक्ष नोंदींच्या रूपाने त्यात बंदिस्त होते. जहाजांचीही अशीच सेवापुस्तके असतात. 'बेंगाल' या हिंदी आरमाराच्या जहाजाचे सेवापुस्तक अठरा वर्षांचे आहे, ८ ऑगस्ट १९४२ पासून १९६० पर्यंतचे. आणि त्या अठरा वर्षांपैकी ११ नोव्हेंबर १९४२ ची भर दुपारची एक घटका तेवढी जगाच्या आठवणीत राहिली. आरमारावरच्या पुस्तकांत ती घटका पुनःपुन्हा येते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या जहाजाने ती घटका गाजविली ते लढाऊ जहाज म्हणून बांधलेलेच नव्हते. समुद्रात शत्रूने पेरलेले सुरुंग वेचून काढणे हा त्याचा नेमलेला धंदा होता. त्या धंद्याची ओळख करून घेतल्यावाचून त्या दुपारचा अर्थ पुरता हाती लागत नाही अशी माझी धारणा असल्यामुळे, मी प्रथम तिकडेच वळतो.

पाणसुरुंग हे अतिशय चिकाटीचे शस्त्र आहे. तोफ डागणारा समोर असतो आणि टॉर्पेडो सोडणारी पाणबुडी निदान जवळपास असते; सुरुंग पेरणारा मात्र कधीच निघून गेलेला असतो. मुंबईने हा अनुभव पहिल्या महायुद्धातच घेतला. 'वोल्फ' नावाचे व्यापारी जहाजाच्या वेषातले जर्मन जहाज १९१६ च्या नोव्हेंबरअखेर मायदेशातून निघून आफ्रिकेला वळसा घालून आले, आणि १९१७ च्या फेब्रुवारीत त्याने कोलंबो व मुंबई या दोन्ही बंदरांच्या तोंडाशी सुरुंग टाकून पुढचा रस्ता धरला. ते गेले, त्यानंतर उन्हाळा सरला, पावसाळा लागला, आणि २३ जून रोजी पी अँड ओ कंपनीचे 'मंगोलिया' हे मोठे उतारू जहाज मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर त्यांतल्याच एका सुरुंगावर आदळून बुडाले. पेरणी आणि पीक यांत चार महिन्यांचे अंतर होते. पेरणारे जहाज तोवर दुसऱ्या महासागरात पोहोचले होते, आणि ज्या उतारूंवर तो घाला पडला त्यांतल्या कित्येकांनी, सुरुंग पाण्यात पडला त्या दिवशी, आपल्या प्रवासाचा विचारही केला नसेल.

या जुन्या जातीच्या सुरुंगाची घडण साधी आहे. लोखंडाचा पोकळ गोळा, त्यात दारू, आणि तो पाण्याच्या पृष्ठाखाली काही हातांवर तरंगत राहावा म्हणून तळाशी वजन आणि मध्ये तारदोर. गोळ्याच्या अंगावर शिशाची शिंगे असतात, प्रत्येक शिंगात एक काचेची नळी, आणि नळीत रासायनिक द्रव. जहाजाच्या धक्क्याने शिंग वाकले की नळी फुटते, द्रव खालच्या विद्युत्घटात उतरतो, वीज निर्माण होते आणि दारू पेटते. म्हणजे नळी शाबूत आहे तोवर तो सुरुंग निद्रिस्त असतो, परंतु त्या निद्रेला काळाची फारशी बाधा होत नाही.

तो काढण्याची रीत कोंकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही, कारण जाळे ओढणाऱ्या होडीशीच तिचे नाते आहे. ज्या जहाजावर तिचा पहिला प्रयोग झाला ते 'ओरोपेसा' हे मासेमारीचेच जहाज होते आणि त्याचेच नाव त्या साधनाला मिळाले. जहाजाच्या पिछाडीवरून एक लांब तारदोर सोडतात. त्याच्या टोकाला माशाच्या आकाराचा एक तरंड असतो, तो दोराचे टोक जहाजापासून बाजूला दूर धरतो. पाण्याखाली पतंगासारख्या फळ्या असतात, त्या दोर ठराविक खोलीवर ताणून धरतात. जहाज पुढे जाऊ लागले की हा दोर समुद्राच्या पोटातून विळ्यासारखा फिरतो, सुरुंगाची तार त्याच्यावर घसरत येते आणि दोरावरच्या कातऱ्यांत सापडून तुटते. मोकळा झालेला काळा गोळा वर उसळतो, आणि मग डेकवरचे लोक बंदुकीच्या गोळ्यांनी तो फोडतात किंवा बुडवितात. पुढे चुंबकाने चेतणारे सुरुंग निघाले तेव्हा दोन जहाजांनी बरोबरीने चालावयाचे, मागे तरंगत्या जाड केबली सोडावयाच्या आणि त्यांतून विजेचे झटके पाठवून सुरुंगाला फसवून उडवावयाचे अशी युक्ती काढावी लागली. आवाजाने उडणाऱ्या सुरुंगांसाठी नाळेशी धडधडणारा हातोडा बसवावा लागला. प्रत्येक नव्या कपटाला नवे उत्तर शोधावे लागले, आणि ते उत्तर बरोबर आहे की नाही याची परीक्षा त्या खलाशांना स्वतःच्या जहाजाखालीच द्यावी लागली.

या कामातील एका गोष्टीकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अशी जहाजे एकामागून एक तिरक्या रांगेत चालतात, आणि मागचे प्रत्येक जहाज पुढच्याच्या दोराने साफ केलेल्या पट्ट्यात आपली कूस ठेवते. पहिल्या जहाजापुढे मात्र कोणाचाच दोर फिरलेला नसतो. रांगेची योजना करणाऱ्याला हे माहीत असते, आणि त्या पहिल्या जहाजाच्या सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसालाही हे माहीत असते. मागे राहते ती झेंडे लावलेल्या बोयांची एक ओळ, आणि त्या ओळीमधून मालाची, उतारूंची, सैन्याची जहाजे निर्धोकपणे बंदरात येतात. त्या जहाजांवरच्या लोकांना आपल्यासाठी काय केले गेले हे बहुधा कधी कळतही नाही, कारण या कामाचे यश म्हणजे काहीही न घडणे.

'बेंगाल' अशा कामासाठी ऑस्ट्रेलियात जन्मले. युद्धापूर्वीच किनाऱ्यालगतच्या संरक्षणासाठी लहान, सोपी आणि देशातल्या देशात बांधता येण्याजोगी जहाजे हवीत म्हणून तेथे 'बाथर्स्ट' वर्गाचा आराखडा झाला, आणि त्या एका आराखड्यावर साठ जहाजे बांधली गेली. त्यांतली चार हिंदी आरमाराच्या वाट्याला आली. 'बॉम्बे', 'मद्रास', 'बेंगाल' आणि 'पंजाब' अशी त्यांची नावे. लांबी १८६ फूट, रुंदी ३१ फूट, वजन सुमारे साडेसहाशे टन, वेग ताशी पंधरा सागरी मैलांच्या आसपास, आणि माणसे पंचाऐंशीच्या घरात. सरकारी कागदावर ती माइनस्वीपर होती, परंतु पाणबुड्यांविरुद्धची साधनेही त्यांवर असल्याने लोक त्यांना कॉर्व्हेट म्हणत, आणि युद्धाच्या धामधुमीत ज्या वेळी जे काम पुढे येईल ते त्यांना करावे लागे.

सिडनी बंदरातील कॉकॅटू बेटावरच्या गोदीत २८ मे १९४२ रोजी 'बेंगाल'चा सांगाडा पाण्यात उतरला. त्यानंतर तिसऱ्याच रात्री, ३१ मे रोजी, तीन छोट्या जपानी पाणबुड्या त्याच बंदरात शिरल्या. 'कुट्टाबुल' हे खलाशांच्या निवासाचे जहाज बुडून एकवीस माणसे मेली. त्या रात्री बंदरात असलेल्या युद्धनौकांत काही आठवड्यांपूर्वीच सेवेत दाखल झालेले 'बॉम्बे' हे भावंडही होते. ज्या शत्रूला दूरच्या समुद्रात गाठावयाचे, तो पाळण्यापाशीच येऊन गेला असे म्हणावयास हरकत नाही. ८ ऑगस्टला 'बेंगाल' सेवेत रुजू झाले.

ते ज्या आरमाराचे होते त्याची युद्धापूर्वीची शिबंदी फार तुटपुंजी होती. १९३९ साली मुंबईच्या गोदीतून ज्याचा कारभार चाले त्या रॉयल इंडियन नेव्हीपाशी मोजकी लहान जहाजे आणि दोन हजारांहून कमी माणसे होती. खलाशांत रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोंकणी मुसलमानांचा भरणा मोठा असे, आणि ज्या घराण्यांत तांडेलकी पिढीजात त्या घराण्यांतून आरमाराला माणसे मिळत. युद्धाने ही सारी चौकट मोडली. पाच-सहा वर्षांत ही संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली, आणि ज्यांनी समुद्र पूर्वी पाहिलाही नव्हता अशा प्रांतांतून तरुण भरती झाले. नव्या जहाजावर नव्या माणसांची भरती असते तेव्हा एकमेकांची सवय होण्यास काही काळ लागतो. 'बेंगाल'ला तो तीन महिनेच मिळाला.

१९४२ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरातून स्वदेशाकडे निघाले. बरोबर 'ओंदिना' हे सुमारे ६,२०० टनांचे डच तेलवाहू जहाज होते, टाक्या रिकाम्या करून इराणी आखाताकडे परतणारे; त्याला दिएगो गार्सिया बेटापर्यंत सोबत करावयाची असा 'बेंगाल'ला हुकूम होता. 'बेंगाल'चे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन, 'ओंदिना'चे कप्तान विलेम हॉर्समन. त्या वर्षी हा रस्ता धोक्याचा ठरला होता. याच फ्रीमँटल-कोलंबो मार्गावर जुलैत 'हौराकी' हे न्यूझीलंडचे जहाज जपान्यांनी पकडून नेले होते, आणि ते पकडणारी 'होकोकु मारू' व 'आयकोकु मारू' ही जोडगोळी, दहा-दहा हजार टनांची, ताशी एकवीस मैल धावणारी, मूळची उतारू जहाजे पण आता साडेपाच इंची तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या व विमाने चढविलेली, सिंगापूरहून पुन्हा शिकारीला बाहेर पडली होती. हा महासागर त्या दिवसांत किती असुरक्षित होता याची साक्ष मुंबईकरांना निराळी द्यावयास नको: त्याच महिन्यात २० तारखेला मुंबईहून मोंबासाकडे निघालेले 'तिलावा' हे जहाज २३ तारखेस जपानी पाणबुडीने बुडविले आणि २८० माणसे गेली.

११ नोव्हेंबरला दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस, जमिनीपासून शेकडो मैल दूर, 'बेंगाल'च्या पहारेकऱ्याला क्षितिजावर एक जहाज दिसले, आणि त्याच्यामागे दुसरे. ती कोणाची आहेत हे समजण्यास फार वेळ लागला नाही.

विल्सनपुढचा हिशेब येथे स्पष्ट मांडला पाहिजे. त्याच्यापाशी तीन इंची एकच तोफ, बारा पौंडी गोळा टाकणारी, आणि गोळे मोजके. भोवती हलक्या विमानविरोधी तोफा. 'ओंदिना'च्या पिछाडीवर चार इंची एक तोफ, आणि तिच्यासाठी बत्तीस गोळे. पळून जाणे दोघांनाही अशक्य होते, कारण शत्रूचा वेग 'बेंगाल'च्या वेगापेक्षा पाच-सहा मैलांनी आणि तेलवाहू जहाजाच्या वेगापेक्षा त्याहून पुष्कळ अधिक होता. एकट्या 'बेंगाल'ने तोंड फिरविले असते तर कदाचित ते वाचले असते, कारण दोन शिकाऱ्यांना तेलवाहू जहाजाचीच भूक अधिक असणार. विल्सनने 'ओंदिना'ला स्वतंत्रपणे निघून जाण्याची खूण केली, पुढे कोठे भेटावयाचे ते कळविले, आणि स्वतःच्या जहाजाची नाळ शत्रूकडे वळवून पूर्ण वेगाने चाल केली.

सुरुंग काढणाऱ्या रांगेतील पहिल्या जहाजाविषयी मी वर जे लिहिले ते या वळणासाठी लिहिले. साडेसहाशे टनांचे जहाज दहा हजार टनांच्या अंगावर जाते तेव्हा त्याला शत्रूचा पराभव करण्याची आशा नसते. मागच्याला वाट मिळावी आणि जे काही पुढे आहे ते आधी आपल्यावर यावे, एवढीच त्या वळणाची मागणी असते. विल्सनच्या मनात त्या क्षणी काय होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्याच्या खलाशांना शिकविलेला धंदा हाच होता एवढे मी खात्रीने म्हणतो.

हॉर्समननेही पळ काढला नाही. आपल्या जहाजाच्या वेगाने काही साधणार नाही हे ओळखून त्याने पिछाडीची तोफ चालू केली. पहिले गोळे लांब-आखूड पडले, मग नेम जुळला. 'होकोकु मारू'च्या उजव्या बाजूस टॉर्पेडोच्या नळ्यांपाशी एक गोळा बसला, आगीचा डोंब उसळला, विमाने पेटली, आणि ती आग पिछाडीच्या दारूकोठारापर्यंत पोहोचून ते अवाढव्य जहाज स्फोटाने फाटले. एका तासाच्या आत ते समुद्राखाली गेले. त्यावरील ३५४ माणसांपैकी ७६ मेली.

'बेंगाल' तोवर दुसऱ्या जहाजाच्या माऱ्यात सापडले होते. त्याला काही गोळे लागले, आग लागली, तोफेची दारू संपत आली. परंतु त्यावरचा एकही माणूस त्या दिवशी दगावला नाही. अशा घटकेस धुराचा पडदा करून विल्सनने जहाज बाजूला काढले. मागे पाहता 'ओंदिना'ही जळताना दिसत होते. ते गेलेच असे समजून 'बेंगाल'ने दिएगो गार्सियाचा रस्ता धरला.

परंतु 'ओंदिना' गेले नव्हते. गोळे संपल्यावर हॉर्समनने शरणागतीचे निशाण चढविले आणि होड्या उतरविण्याचा हुकूम दिला. त्याच सुमारास जहाजाच्या ब्रिजवर पडलेल्या एका गोळ्याने तो स्वतः मारला गेला. 'आयकोकु मारू'ने जवळ येऊन टॉर्पेडो मारले, जहाज एका अंगावर कलंडले, आणि मग होड्यांत बसलेल्या निःशस्त्र खलाशांवरही गोळीबार झाला. मुख्य इंजिनियर आणि आणखी काही माणसे त्यात पडली. युद्धात पुष्कळ गोष्टी क्षम्य मानल्या जातात, ही मानता येत नाही. मग जपानी जहाज बुडणाऱ्या सोबत्याच्या माणसांना उचलून निघून गेले. कलंडलेले 'ओंदिना' मात्र तरंगतच होते, कारण त्याच्या रिकाम्या टाक्यांनीच त्याला तोलून धरले होते. पहिल्या अधिकाऱ्याने उरलेल्या डच आणि चिनी खलाशांना घेऊन पुन्हा जहाजावर पाय ठेवला, आगी विझविल्या, पाणी इकडून तिकडे घेऊन जहाज सरळ केले, आणि जखमींसह ते परत फ्रीमँटलकडे वळले. 'बेंगाल' १७ नोव्हेंबरला दिएगो गार्सियास पोहोचले. 'ओंदिना' १८ नोव्हेंबरला फ्रीमँटलला. एका दिवसाच्या अंतराने, महासागराच्या दोन टोकांना.

'होकोकु मारू' कोणाच्या गोळ्याने बुडाले याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. हिंदी आरमाराने ते यश 'बेंगाल'चे मानले, डचांनी 'ओंदिना'चे. उपलब्ध पुरावा तोलून पाहता प्राणघातक गोळा 'ओंदिना'च्या चार इंची तोफेचा होता असेच मला वाटते, आणि तसे म्हणताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही. 'बेंगाल'ने शत्रूची तोंडे काही काळ स्वतःकडे वळविली नसती तर 'ओंदिना'च्या गोलंदाजांना नेम जुळविण्यास जी थोडी मिनिटे मिळाली ती मिळाली असती का, हा प्रश्न मला त्या वादापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. विल्सनला डीएसओ हा किताब मिळाला आणि हिंदी खलाशांचाही सन्मान झाला; हॉर्समनला त्याच्या देशाने मरणोत्तर विलेम्स ऑर्डर हे सर्वोच्च लष्करी मानचिन्ह दिले.

त्यानंतरचे सेवापुस्तक पुन्हा शांत आहे. दुरुस्ती होऊन 'बेंगाल' ईस्टर्न फ्लीटच्या दिमतीस लागले आणि युद्धसमाप्तीपर्यंत हिंदी महासागरात काफिल्यांच्या सोबतीला फिरत राहिले. 'आयकोकु मारू' १७ फेब्रुवारी १९४४ रोजी ट्रुक बेटाशी अमेरिकन विमानांच्या माऱ्यात बुडाले. ज्या आरमारातील खलाशांच्या शौर्याची एवढी तारीफ झाली होती, त्याच आरमारातील खलाशांना १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' तळावर खाण्याजोगे अन्न आणि माणुसकीची वागणूक मागण्यासाठी काम बंद करावे लागले, आणि ती ठिणगी मुंबईपासून कराचीपर्यंत जहाजाजहाजांवर पसरली. या दोन गोष्टी एकाच पानावर लिहिल्या गेल्या पाहिजेत असे मला वाटते. पहिलीची ग्वाही मोठमोठ्या कचेऱ्यांनी दिली आणि दुसरीची चौकशी बसली. माणसे मात्र एकाच किनाऱ्याची आणि एकाच पगारपत्रकावरची होती.

फाळणीच्या वेळी घरातल्या भांड्यांप्रमाणे जहाजांचीही वाटणी झाली. सोळा मोठ्या माइनस्वीपरांपैकी बारा भारताकडे आली आणि चार पाकिस्तानकडे गेली. भारताच्या वाट्याच्या बारांत 'बेंगाल', 'बॉम्बे' आणि 'मद्रास' ही ऑस्ट्रेलियात बांधलेली तीन होती, आणि 'डेक्कन' व 'कोंकण' अशी नावे धारण करणारीही होती. 'कोंकण' स्कॉटलंडमध्ये बांधलेले, मूळचे नाव 'टिलबरी'. क्लाइडच्या काठी जन्मलेल्या त्या जहाजाच्या अंगावर ज्या प्रदेशाचे नाव रंगविले गेले त्या प्रदेशातल्या किती जणांना ते ठाऊक होते कोण जाणे. परंतु १९४७ च्या ऑक्टोबरात जुनागडच्या प्रसंगी काठियावाडच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्यासाठी जो ताफा कमांडर रामदास कटारी यांच्या हाताखाली गेला, त्यात 'कोंकण', 'मद्रास' आणि 'रोहिलखंड' ही तीन माइनस्वीपर होती. स्वतंत्र भारताच्या आरमाराने केलेल्या पहिल्या कामगिरीत सुरुंग काढणारी जहाजे अशी पुढे होती.

२६ जानेवारी १९५० पासून जहाजांच्या नावाआधीची 'एचएमआयएस' ही अक्षरे जाऊन 'आयएनएस' आली, आणि 'बेंगाल'ने आपली उरलेली दहा वर्षे त्या नव्या अक्षरांखाली काढली. १९५९ साली 'ओंदिना' हाँगकाँगला मोडीत निघाले. त्याच्या पुढच्याच वर्षी 'बेंगाल' सेवेतून कमी करण्यात आले. त्याच आराखड्याचे 'कॅसलमेन' हे भावंड मात्र ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनच्या धक्क्याला आजही संग्रहालय म्हणून बांधलेले आहे. 'बेंगाल'च्या त्या पंचाऐंशी माणसांनी किती जागेत महिने काढले, सुकाणूपासून नाळेवरची तोफ किती जवळ होती आणि पिछाडी किती अरुंद होती, हे पाहावयाचे असेल तर 'कॅसलमेन'च्या डेकवर चालून पाहता येते.